मीठवाल्या डॉक्टरीणबाई

बाईंच्या अंबाड्यात स्टीलचा चमचा खोचलेला असायचा. दुसऱ्या बायका गजरा माळतात, फूल खोवतात, बाईंचा चमचा. सकाळी वॉर्डात शिरल्या की त्या आधी नाडी बघायच्या नाहीत, डबा बघायच्या. कॉटखालचा डबा पायानंच पुढं ओढायचा, झाकण काढायचं, अंबाड्यातला चमचा उपसायचा, उकळत्या पाण्यात बुडवायचा, एक घास चाखायचा आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारायचं, "कोनी केलं हे?"

जिनं केलं असेल ती, बहुतेक करून आई नाहीतर सासू, पदर सावरत पुढं यायची.

"मी केलं बाई."

"मीठ कुठं है?"

"बाळंतिणीला मीठ न्हाई देत बाई. आमच्यात बारशापर्यंत अळणीच असतंय."

"तुमच्यात म्हणजे कुणात? म्हशीला तरी मिठाचा खडा चाटवता न्हाई का? मग सुनेनं काय घोडं मारलं?"

मी त्यांच्याकडे नर्स म्हणून लागले तेव्हा हिंगोली जिल्हा व्हायचा होता, आम्ही सगळे परभणीवाले होतो. माझं गाव शिरड शहापूर. नांदेडला कोर्स केला आणि कुणाच्या तरी ओळखीनं आखाडा बाळापूरला बाईंच्या दवाखान्यात गेले. खाली बाळंतिणींचा वॉर्ड आणि बाळंतपणाची खोली, वर बाई एकट्या राहायच्या. मला मागची खोली दिली होती. गावात त्यांचं नाव कुणी घेत नसे. मीठवाल्या डॉक्टरीणबाई म्हटलं की बसस्टँडवरचं शेंबडं पोरगंसुद्धा घर दाखवायचं.

माझी मुलाखत त्यांनी जिन्यात उभ्यानंच घेतली. माझे कागद बघितलेच नाहीत.

"वरण खारट झालं तर काय करतीस?"

"पाणी घालते."

"अन् पाणी जास्त झालं तर?"

"मीठ घालते."

"बस. पास." त्या वर जायला लागल्या आणि दोन पायऱ्यांवरून मागं वळून म्हणाल्या, "रक्ताचं बी तसंच है. पाणी वाढलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. त्याला आमी सोडियम कमी झालं म्हनतो. नांदेडला हे शिकवायला किती दिवस लावले तुला?"

बाई शिकल्या होत्या हैदराबादला. त्यामुळे त्यांचं मराठी आमच्यासारखंच असलं तरी राग आला की जीभ घसरून दखनीवर जायची. जितका राग तितकी दखनी. साधा राग असेल तर "काय हो हे", त्याच्या वर "क्या बोलून राहिलात तुमी", आणि अगदीच डोकं फिरलं की "अगे मां, नक्को रे नक्को!" हे शेवटचं ऐकू आलं की वॉर्डातले सगळे नवरे आपोआप बाहेर जाऊन दारातल्या कडुलिंबाखाली उभे राहायचे.

अंगानं बाई भरपूर होत्या. लुना चालवायच्या तेव्हा लांबून लुना दिसायचीच नाही, बाई नुसत्याच रस्त्यावरून सरकत येताहेत असं वाटायचं. दुपारी जेवल्यावर झोपायच्या आणि ती झोप मोडायची परवानगी एकाच कारणासाठी होती, लेकराचं डोकं दिसलं तर. एकदा शेजारच्या गोठ्याला आग लागली तेव्हा मी जाऊन उठवलं. त्यांनी एक डोळा उघडला. "डोकं दिसलं?" "न्हाई बाई, आग—" "मग पाण्याचं काम है, डॉक्टरचं न्हाई," म्हणाल्या आणि कूस बदलली.

पाणी हा त्यांचा दुसरा विषय. वॉर्डातल्या माठाला त्यांनी कुलूप लावलं होतं. खरोखरचं कुलूप. माठावर पत्र्याचं झाकण, त्याला कडी, कडीला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. पाणी बंद होतं असं नव्हे. जिला तहान लागेल तिनं मागायचं, लगेच मिळायचं. पण कळा देणाऱ्या बाईच्या तोंडाला नातेवाइकांनी आपल्या मनानं तांब्या लावायचा नाही. "तहान तिला लागू द्या," बाई म्हणायच्या, "तुमाला लागली तर तुमी प्या." कळांच्या वेळी अंग पाणी धरून ठेवतं, बाहेर टाकत नाही, म्हणून तेव्हा ढोसलेलं पाणी रक्तात जाऊन बसतं, हे त्यांनी मला समजावलं होतं. नातेवाइकांना समजावण्यापेक्षा त्यांना कुलूप सोपं वाटायचं.

मिठाचंही असंच. लोकांना वाटायचं बाई मीठ खा म्हणतात म्हणजे पोत्यानं खा. एका हौशी नवऱ्यानं बायकोला लोणच्याची अख्खी बरणी आणून दिली आणि वर लिमलेटच्या गोळीसारखा मिठाचा खडा चघळायला दिला. बाईंनी त्याला लिंबापर्यंत पळवत नेलं. "अगे मां! मीठ म्हणजे औषध है का रे? घरात सगळ्याच्या ताटात पडतं तेवढं तिच्या ताटात पडू दे. न कमी न जादा. माणसात बसव तिला, लोणच्यात नक्को!"

हे मिठाचं वेड त्यांना लागलं कसं, हे मी किती वेळा विचारलं असेल. दर वेळी नवीन उत्तर. एकदा म्हणाल्या, त्यांच्या आजोबांचं निजामाच्या राज्यात मिठाचं दुकान होतं. एकदा म्हणाल्या, त्यांना लहानपणी वजन करताना चुकून मिठाच्या पोत्यासोबत तोललं होतं. एकदा मात्र लुनाचा प्लग पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझी एक मैत्रीण होती हॉस्टेलला. बाळंतपणात गेली. सगळे म्हनले झटक्यानं गेली. झटका कशानं आला ते कोनी विचारलंच न्हाई." मग पायडल मारलं. लुना चालू झाली नाही, तर मला म्हणाल्या, "ढकल." ते उत्तर खरं होतं की आजोबांचं दुकान खरं होतं, मला अजून माहीत नाही.

सुनंदाचं बाळंतपण एका उन्हाळ्यातलं. ती बाळापूरच्या जवळच्याच एका खेड्यातली लेक, दिलेली नरसीकडच्या एका गावात, पहिल्या खेपेला माहेरी आलेली. सोबत तिची आत्या. आत्याबाई म्हणजे बारीक, काटक, डोळ्यात तेल घालून भाचीला जपणारी बाई. सुनंदाची आई लहानपणीच वारली होती, तिला आत्यानंच वाढवलं होतं. नवरा पण आला होता. अगदी लाजाळू. तो पहिल्या दिवसापासून लिंबाखालीच उभा होता, बाई रागावायच्या आधीच.

आत्याबाईंना कुणीतरी सांगितलं होतं की कळा सुरू झाल्या की बाईला पाणी पाजत राहायचं, म्हणजे लेकरू होडीसारखं तरंगत खाली येतं. माठाला कुलूप बघून त्यांनी घरून कळशी भरून आणली, कॉटखाली ठेवली, वरून लुगडं सोडलं आणि मी पाठ फिरवली की तांब्या चालू. सुनंदा बिचारी आत्याच्या शब्दाबाहेर नव्हती. "पी माय, पी, लेकरू सरकतंय," म्हटलं की पीत होती.

दुपारची वेळ. बाई वर झोपलेल्या. मी आतल्या खोलीत दुसऱ्या एका बाळंतपणात, तिथून हलता येत नव्हतं. बाहेर वॉर्डात काय चाललंय ते मला ऐकू येत होतं, पण नीट लागत नव्हतं. आधी सुनंदा ओकल्याचा आवाज आला. मग "डोकं फुटतंय, डोकं फुटतंय" असं म्हणाली. मग ती एकदम मोठ्यानं गाणं म्हणायला लागली. मग हसू. मग सगळं शांत. आणि मग आत्याबाईंचा आवाज, "उदं गं माय! अंगात आली!"

मी आतलं बाळंतपण उरकून, नाळ कापून, लेकराला त्याच्या आजीच्या हातात देऊन बाहेर आले, तर वॉर्डात ही गर्दी. सुनंदा कॉटवर केस सोडून बसलेली, डोळे कुठंतरी लागलेले, डोलून राहिलेली. कुणीतरी तिच्या कपाळाला मळवट भरलेला. बाळंतिणी आपापली लेकरं छातीशी धरून रांगेत उभ्या. रस्त्यावरची माणसंसुद्धा आत आलेली. आत्याबाई रांग सांभाळून राहिल्या होत्या आणि एकेकीला पुढं सोडत होत्या.

समोरचा चहावाला नेमका पुढं होता. त्याची शेळी सकाळपासून हरवली होती.

"माय, माझी शेळी कुठं हाय?"

सुनंदा त्याच्याकडे बघून म्हणाली, "पाटावर बस. जेवायला बस पाटावर."

चहावाल्यानं एवढंच ऐकलं आणि कालव्याकडे पळाला. आमच्याकडे कालव्याला पाटच म्हणतात. आणि सांगते काय, शेळी कालव्याच्या काठाला चरत होती! तो तिला खांद्यावर घेऊन नाचत आला, शेळीसकट वॉर्डात शिरला आणि सुनंदाच्या पायावर आडवा पडला. मग काय विचारता. जो तो पुढं घुसायला लागला. शेळी ओरडायला लागली. मी सुनंदाचा हात धरून "माझ्याकडं बघ, तुझं नाव काय, सांग" म्हणत होते, तर ती मला म्हणाली, "तू आमची म्हैस ना गं?" रांगेतली एक बाई मागून म्हणाली, "म्हशीचं काहीतरी सांगून राहिली, नीट ऐका."

मी जिना चढून वर पळाले.

"बाई, उठा!"

एक डोळा. "डोकं दिसलं?"

"न्हाई. फिरलं! सुनंदाचं डोकं फिरलं बाई, ओकली, डोकं दुखतंय म्हनत होती, आता मला म्हैस म्हनून राहिली."

बाई ताडकन उठून बसल्या. मी त्यांना तसं उठताना पहिल्यांदाच बघितलं. जिना उतरतानाच विचारलं, "पाणी कुणी पाजलं?"

त्यांना बघून गर्दी फाटली. बाईंनी सुनंदाचे डोळे पाहिले, बीपी घेतलं. बीपी व्यवस्थित. मला लघवी तपासायला सांगितली. मी परीक्षानळीत घेऊन दिव्यावर उकळली, स्वच्छ राहिली. म्हणजे बाळंतपणात बीपी वाढून झटके येतात त्यातलं हे नव्हतं. मग बाई गुडघ्यावर बसल्या, कॉटखालचं लुगडं उचललं आणि कळशी ओढून बाहेर काढली. रिकामी होती.

"हे सगळं पाजलं?"

आत्याबाई अभिमानानं म्हणाल्या, "ही दुसरी हाय. पहिली सकाळी झाली."

"अगे मां," बाई म्हणाल्या. पण ओरडून नाही, हळूच. मला तेव्हाच भीती वाटली.

चहावाला हात जोडून मध्ये आला. "बाई, सुई नका टोचू. देवी हाय. माझी शेळी सापडली."

"अरे, उन्हाळ्यात शेळी पाटावर नाही जाणार तर सिनेमाला जाईल का? पाणी तिथंच है! काढ ती शेळी बाहेर!"

एवढ्यात सुनंदाचे डोळे वर गेले आणि अंग कडक झालं. झटका आला. वॉर्डातली सगळी गंमत एका क्षणात संपली. लेकरं रडायला लागली. देवी आल्याचं ऐकून सुनंदाचे दोन चुलतभाऊ जीप घेऊन आलेच होते. ते पुढं झाले, म्हणाले हिला भगताकडं नेतो, दवाखान्यात देवीला टोचलं म्हणून कोपली. अजून टोचलं कुणी नव्हतं. त्यांनी कॉटच उचलायला घेतली.

बाई सुनंदाच्या पायाशी कॉटवर बसल्या.

दोघांनी जोर लावला. कॉट हलली नाही. गर्दीतला तिसरा आला. बाई तशाच बसून सुनंदाला कुशीवर वळवत होत्या, जिभेकडे लक्ष ठेवून होत्या आणि मला सांगत होत्या, "कपाटात मागं जास्त मिठाच्या सलाईनची बाटली है, ती आन. साधी ग्लुकोजची आणशील तर बघ." औषध कंपनीचे लोक त्या बाटलीला हसायचे. इथं कुणाला लागणार बाई, म्हणायचे. बाई मुदत संपली की जुनी टाकून नवी मागवायच्या, आणि पुन्हा कपाटात मागं ठेवायच्या.

भावांपैकी थोरला म्हणाला, "बाई, उठा. आमची बहीण हाय."

"तुझी बहीण है, माझी पेशंट है. माझी बाटली होऊ दे, मग नांदेडला ने, मी सोबत येते. भगताला पण घेऊ गाडीत. पण आत्ता मी उठत न्हाई." आणि मग लिंबाखाली उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली. "ओ जावई! तुमी सांगा. तुमची बायको है."

तो माणूस वॉर्डाच्या दारात आला. इतक्या दिवसांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता. घसा खाकरून म्हणाला, "भाऊ, कॉट सोडा." बस, एवढंच. पण त्यांनी सोडली.

मी शीर धरली. बाईंनी बाटली लावली आणि तिचं चाक स्वतःच्या बोटात धरून बसल्या. ती बाटली भसाभसा सोडायची नसते. मीठ एकदम वर नेलं तर मेंदूला वेगळीच इजा होते. ज्या बाई जेवतानासुद्धा एका जागी बसत नसत, त्या थेंबावर नजर ठेवून बसून राहिल्या. शेळी तेवढी मधूनमधून बाहेर ओरडत होती. झटका थांबला. थोडं शिरेत सोडून बाटली बंद केली, वाट पाहिली, पुन्हा थोडं. आत्याबाई भिंतीला टेकून रडत होत्या. "मी माझ्या हातानं पाजलं की हो, माझ्या हातानं."

बाई वर न बघता म्हणाल्या, "माया केली तुमी. मायेनं कोनी मरत न्हाई. पण कळशीनं मरतं. आता रडू नका, ते मीठ वाया चाललं तुमचं."

ऊन कलायच्या सुमाराला सुनंदानं डोळे नीट उघडले. आधी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी विचारलं, "मी कोन?"

"सिस्टर."

"म्हैस न्हाई ना?"

ती गोंधळली. "तुमाला म्हैस कोन म्हनलं?" मग कपाळाला हात लावला, बोटं लाल झाली. "अन् हे काय लावलं मला?"

वॉर्डातली एक म्हातारी तरीही दोन्ही हात जोडूनच उभी होती.

नांदेडला जायची गरज पडली नाही. सुनंदाला त्या दिवशी मुलगी झाली. पोरगी जरा मलूल होती. आईचं रक्त पातळ झालं की लेकराचंही होतं म्हणून बाईंनी तिला आपल्या डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही, छातीशी लावत राहायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती असं रडली की लिंबाखालच्या बापाला हसू फुटलं. झटका थांबल्यावर सुनंदाचं रक्त काढून मी एसटीनं नांदेडला पाठवलं होतं. रिपोर्ट आला. सोडियम खूपच खाली होतं, आणि हे थोडं वर चढवल्यानंतरचं. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी बाजारातून तिखट शेव आणून सगळ्या वॉर्डाला वाटली. मुलगी झाल्याचे पेढे आत्याबाईंनी वाटले. दोन्ही एकदमच तोंडात टाकलं सगळ्यांनी.

आत्याबाईंची पुढची गोष्ट वेगळीच झाली. त्या बाईंच्या इतक्या भक्त बनल्या की सुनंदा घरी गेल्यावरही दवाखान्यात यायच्या आणि दारात उभ्या राहून आल्यागेल्याचे डबे उघडायच्या. कुणाच्या हातात तांब्या दिसला की हिसकावून घ्यायच्या. एकदा खुद्द बाई पाणी पीत होत्या तर आत्याबाई म्हणाल्या, "तहान लागली का खरंच? का उगीच?" बाईंनी तांब्या खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हिला आवर गं. मला तहान लागली होती."

मग वर्षं गेली. जिल्हा झाला, हिंगोलीत ऑफिसं आली, मी लग्न होऊन दोन लेकरांची आई झाले, पण काम बाईंकडेच. बाई थकल्या, लुना विकली. एक दिवस सेनगावकडची एक बाळंतीण आली. तिच्या सासूनं डबा उघडला आणि आम्ही काही म्हणायच्या आतच सांगितलं, "मीठ घातलंय बाई. अन् पाणी तहान लागल्यावरच."

बाईंना आश्चर्य वाटलं. "कोनी शिकवलं तुमाला?"

"देवीनं."

"कोणत्या?"

"नरसीकडं एक बाई हायती. दर मंगळवारी बसत्यात. बाळंतिणीचं सगळं सांगत्यात. त्यांच्या अंगात म्हने बाळापूरला दवाखान्यात देवी आली होती. एका माणसाची शेळी बी सापडून दिली."

बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता दखनी येणार. पण त्यांनी चमचा परत अंबाड्यात खोचला. मंगळवारी सकाळी माझ्या दारात उभ्या. "चल. नरसीला जायचं."

एसटीनं हिंगोली, तिथून नरसी, पुढं एका रिकाम्या टेंपोत. वाटभर मला वाटत होतं, सुनंदाची काही खैर नाही. तिच्या घरापुढं मांडव होता, बायकांची रांग होती, नवरा बाजूला चपला नीट लावून ठेवत होता. बाई रांगेत बसल्या. मी म्हटलं, पुढं जाऊ का, ओळख सांगते. "नक्को," म्हणाल्या.

आमची पाळी आली. सुनंदा आता चांगली भरली होती. कपाळाला मळवट. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाई, तुमी?" मग पुढं वाकून कुजबुजली, "बाई, माफ करा. माझ्या अंगात काही येत न्हाई. लोकंच यायला लागले. मी म्हनले न्हाई हो मी देवी, तर कोनी ऐकेना. मग म्हनलं, येतेत तर तुमचंच सांगू. आता आजपासून बंद करते."

बाई तिच्याजवळ सरकल्या. मला वाटलं आता फटका बसतो.

"गप," बाई म्हणाल्या. "बंद करशील तर बघ. मी आयुष्यभर बोंबलले, माझं कोनी ऐकलं का? चालू ठेव."

सुनंदाचा मळवट पुसायला गेलेला हात खाली आला.

"फक्त आनखी एक सांगत जा. बाळंतिणीचं डोकं ठणकायला लागलं, ओकायला लागली, भलतंच बोलायला लागली, तर तुझ्याकडं आणायचं न्हाई. दवाखान्यात न्यायचं. देवीचा हुकूम म्हनून सांग. अन् आवाज जरा मोठा काढ, मागं ऐकू येत न्हाई."

"सांगते बाई. अजून काही?"

बाई आठवत होत्या. तापाचं सांगू का, अंगावरच्या रक्ताचं सांगू का, असं त्यांचं चाललं होतं, तेवढ्यात मागच्या बाईनं त्यांच्या खांद्याला बोट टोचलं.

"ओ म्हातारे, किती गाऱ्हाणं घालून राहिली गं? आमाला बी नंबर हाय का न्हाई?"

आयुष्यात बाईंना कुणी असं उठवलं नव्हतं. त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या, पदर डोक्यावरून घेतला, आणि सुनंदाला सगळ्यांदेखत वाकून नमस्कार केला.